पूर्ण एक मिनिट

"ठोके बहात्तर. हृदयाची गोळी द्यावी," म्हणत भिंतीतल्या औषधकपाटाने खण उघडला. भास्करराव ठोंबऱ्यांकडे रोज सकाळी असंच चालायचं. छातीवरची पट्टी ठोके मोजायची, कपाट गोळी काढायचं आणि घरोघरी फिरणाऱ्या नर्सने ती फक्त हातावर ठेवायची.

फिलोमिना सिस्टरांनी मात्र नेहमीसारखं त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. नर्सना घरोघरी पाठवणाऱ्या ऑफिसातले लोक यावरून त्यांना हसायचे.

नाडी अठ्ठेचाळीस भरली. इतक्या मंद ठोक्यांवर ठोके आणखी मंद करणारी ही गोळी म्हणजे जिवाशी खेळ. सिस्टरांनी ती परत खणात टाकली आणि भास्कररावांच्या सदऱ्याची बटणं काढली. छातीवर पट्टीच नव्हती.

"सारखी खाज सुटते हो त्यांना," त्यांच्या पत्नी सुलभाकाकू पुढे येत म्हणाल्या. "म्हटलं, थोडा वेळ मीच लावून घेते. कपाटाला काय, ठोके मिळाल्याशी कारण!"

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी कपाट बोललं, पण कुणी तिकडे पाहिलं नाही. भास्कररावांनी मनगट पुढे केलं होतं, आणि सिस्टरांचं मोजून होईपर्यंत काकू श्वास रोखून उभ्या होत्या.