दुसरी हाक

चूक माझीच. राखणीसाठी आणलेलं कुत्र्याचं पिल्लू बकऱ्यांच्या गोठ्यात ठेवायचं सोडून मी घरात झोपवलं, हाताने भाकरी भरवली. भुऱ्या मोठा झाला. बिबट्याने करडू नेलं तेव्हाही माझ्याच दाराशी बसून राहिला. "हा तुला राखतोय गो, बकऱ्यांना नाय," आई म्हणाली. "महिन्याने नोकरीला पुण्याला गेलीस, की हा किन्हवलीच्या स्टँडवर तुझी वाट बघत बसेल नि बकऱ्या बिबट्याच्या!" मग त्याची थाळी गोठ्यात गेली. ताक-भाकरी आई घालायची. मी हाक मारायची नाही, पाहायचंही नाही. तो दाराशी रडायचा. मी आत घड्याळ बघत ऐकायचे: आधी चाळीस मिनिटं, काही दिवसांनी वीस, मग पाच. आज निघताना आई म्हणाली, "मार हाक. बघू येतो का." कुंपणापाशी हाक मारली. भुऱ्याने मान उचलली, शेपूट हलवली आणि गाभण बकरीच्या पाठीवर पुन्हा हनुवटी टेकवली. दुसरी हाक मी गिळली.