तपकिरी कड

मायक्रोस्कोपखाली पेशींभोवती तपकिरी कड दिसताच डॉक्टर नीरजानं थेट बहिणीला फोन लावला. “ताई, तुझ्या गाठीच्या पेशींवर तो रिसेप्टर आहे! नवं औषध त्यालाच चिकटतं. लागू पडणार बघ!”

दुसऱ्यांचा रिपोर्ट दोनदा तपासल्याशिवाय सोडत नाही ही बाई. सख्ख्या बहिणीच्या वेळी मात्र दम निघाला नाही.

“थांब, आईला देते.” ताईला हसू आवरेना.

काच काढताना नीरजाला कोपऱ्यातलं लेबल दिसलं: कंट्रोल. रंग नीट चढतो का हे बघायला सोबत ठेवलेली, दुसऱ्याच बाईची. ताईची काच अजून ट्रेमध्येच होती. तिनं ती मायक्रोस्कोपखाली सरकवली. पेशी निळ्याच निळ्या. कड एकीलाही नव्हती.

“नीरू,” फोनवर आई होती, “ही नुसती हसतेय. काय झालं गं?”