कालीबाईचे पाच मोह

“मोहाखाली खराटा फिरवायचा, काडी ओढायची नाही. पाचोळा कितीही पडो, हातानं उचलायचा.”

सासूचा तो आवाज रेवाबाईच्या कानात अजून तसाच होता. होळी झाली की सासू दोन्ही सुनांना समोर बसवून हेच सांगायची. पाचोळा जाळला की मोहाची फुलं उघड्या जमिनीवर नीट दिसतात, वेचायला सोपी जातात. पण एक ठिणगी वाऱ्यावर गेली तर अख्खा डोंगर जातो. म्हणून काठी गावाच्या वरच्या या पाड्यात मोहाखाली आग लावायची नाही, अशी सगळ्यांनी देवीपुढे शपथ घेतली होती.

तरीही आग लागली होती, आणि ती थोरली जाऊ कालीबाई हिच्या मोहाखालून.

ढोल वाजला तसे सगळे धावले. बायकांनी ओल्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपल्या. पुरुषांनी पाड्याच्या वरच्या अंगाला गवत कापून पट्टा काढला आणि तिथून उलटी आग सोडली. दोन्ही आगी एकमेकींना भिडून विझल्या. पाडा वाचला. पण वाहरू पाटलाची सून कमलीबाई धुरात सापडली, ती उठलीच नाही. रेवाबाईचा नवरा रायसिंग याला भाजलेल्या अंगानं घरी आणलं, तो दुसऱ्या दिवशी गेला.

घरातला जळक्या कातड्याचा वास जाता जाईना. रेवाबाईनं सारवलं, धूप घातला. मरताना रायसिंगानं तिचा उजवा हात धरून ठेवला होता. तो हात ती राखेनं घासघासून धुवायची, आणि तरी त्या हातानं उचललेला घास परत ताटात ठेवायची.

जंगल खात्याचा नाकेदार गिरधर खाली रनाळ्याकडचा. दोन मयतं झालेल्या पाड्यात येऊन त्यानं आधी कोंबडं कापायला लावलं. हाड चोखता चोखता म्हणाला, “नाव द्या. नही ते पुढला सालपाइन मोहू येचनं बंद. मन्हा हातमा काही नही, सायेबना हुकूम शे.” गोऱ्या साहेबाचं नाव घेताना त्याच्या मिशीवरून रस्सा ओघळत होता. रेवाबाईनं तोंड फिरवलं.

पावसाळ्यात धान्य संपलं की पाडा मोहावर जगायचा. तेव्हा सगळ्यांना एक नाव हवं होतं, आणि ते तयारच होतं. काली म्हातारी, विधवा, पोटी मूलबाळ नाही, कंबर वाकलेली. पाचोळा उचलवेना म्हणून पेटवला असणार. ती बापडी एकच सांगत होती की मी आदल्या दिवशीच झाडून गेले होते. “म्हातारीचा खराटा काडेपेटीत मावतो,” असं कोणीतरी म्हणालं, आणि ज्यांच्या डोळ्यांतला धूर अजून गेला नव्हता तेही हसले.

पंचात नाव ठरलं की कालीला पाड्याबाहेर काढायचं, असं वाहरू पाटलानं सांगून ठेवलं होतं. साक्ष मात्र रेवाबाईची हवी होती. आगीपाशी सगळ्यांत आधी रायसिंगच दिसला होता, आणि शेवटी तो काय बोलला ते तिलाच ठाऊक. शिवाय तिच्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास. मुलगा उदेसिंग तापानं फणफणला होता तेव्हा तिनं याहा मोगी देवीला मीठ वाहिलं होतं. तेव्हापासून लग्नकार्यातसुद्धा तिच्या जिभेला मीठ लागलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

भेटायला येणाऱ्या बायका रडून झालं की तिच्या कानाशी लागायच्या. कालीच्या मागे कोण आहे? दिराचं घर ते हेच. तिचे पाचही मोह आता तुझ्या उदेसिंगचे, देवीनं न्याय केला. एकीनं हे बोलताना झाडांकडे मान वळवली आणि ओठांवरून जीभ फिरवली. तिच्या तोंडाला दारूचा आंबूस भपका येत होता. रेवाबाई उठून मागल्या दारी गेली.

काली मात्र रोज भाकरी घेऊन यायची. रायसिंगला तिनं लहानपणी कडेवर खेळवलं होतं. त्याच्या भाजलेल्या अंगावर पाला वाटून लावत तीच बसली होती. “बिनमिठाची आहे, तुझ्यासाठी वेगळी भाजली,” म्हणायची. रेवाबाई ती भाकरी बाजूला सारायची. लोक ते पाहायचे आणि एकमेकांना खुणवायचे.

पंच बसायच्या दिवशी सकाळीच काली उंबऱ्याशी येऊन टेकली.

“रेवा, माझ्याबद्दल काही बोलला का गं तो?”

“बोलला, बाय.”

काली हळूच म्हणाली, “त्यानं खरं पाहिलं असेल. ते तेवढं सांग. मला इथून हाकललं तर ही कंबर घेऊन मी खापरच्या बाजारात हात पसरू का?”

“मी त्याला वचन दिलंय.”

कालीचा चेहरा सैल झाला. “मग मला कसली भीती? तू शब्द मोडणारी नाहीस.”

रेवाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं रोजच्यासारखे देवीपुढे दाणे ठेवले, हात जोडले, पदर डोक्यावरून घेतला आणि पंच बसले होते त्या चिंचेकडे निघाली. पाठीमागे काली तिच्यासाठी भाकरी झाकून ठेवत होती.

मरताना रायसिंगानं आधी तिला देवीची शपथ घ्यायला लावली होती, आणि मगच सांगितलं होतं, “काडी मी ओढली. ते पाच मोह आपल्या उदेसिंगला मिळाले पाहिजेत. पंचात नाव कालीचंच घे.”