एक खातं, दोन फोन

“त्या खात्याला हात लावू नकोस,” आई म्हणाली होती. “अंगाई तुटते तर तुटू दे. तेवढ्यावरून धाकटी जिवंत आहे, एवढं तरी कळतं.”

“मग बाळाला तू येऊन झोपव,” थोरलीने आईलाच झापलं होतं.

गाण्यांच्या ॲपवर दोघी बहिणींचं मिळून एकच खातं होतं, कॉलेजात असताना काढलेलं. एका फोनवर गाणं लागलं, की दुसऱ्यावरचं बंद. धाकटी दुसऱ्या शहरात राहायची. चार महिन्यांपूर्वी तिने घरच्यांशी बोलणं सोडलं, गाणी ऐकणं सोडलं नाही. दुपारी बाळाचे डोळे मिटायला लागावेत आणि अंगाई मधेच गप्प व्हावी. “मावशीबाई उठल्या वाटतं,” नवरा म्हणायचा. बाळ भोकाड पसरायचं.

सोमवारी तिसऱ्यांदा अंगाई तुटली, तेव्हा थोरलीने पासवर्ड बदलला आणि धाकटीचा फोन खात्यातून काढून टाकला. बाळ दोन तास गाढ झोपलं. कितीतरी दिवसांनी तिने चहा गरम असताना प्यायला.

शुक्रवारी सकाळी आईचा फोन आला. धाकटीचा फोन आजवर निदान वाजायचा तरी. कालपासून बंद लागत होता.

“तुझ्याकडे अंगाई तुटली ना गं काल? परवा?”

तिने फोन कानावरून काढून गाण्यांचं ॲप उघडलं.

“अगं, बोल की!”

पोलिसांनी पत्ता मागितला. खोली बदलल्यावर धाकटीने तो कुणालाच दिला नव्हता. नव्या खिडकीतून काढलेला एक फोटो तेवढा स्टेटसवर टाकला होता.

“जुना पासवर्ड परत टाक,” नवरा ऑफिसातून फोनवर म्हणाला. “येईल ती.”

“टाकला. पण तिला कसं कळणार? हाताला धरून बाहेर काढलंय मी तिला.”

तिने अंगाई लावली. बाळ झोपलं. ती फोनकडे बघत बसली. अंगाई संपली, पुन्हा लागली, पुन्हा संपली. वाय-फाय नीट होतं. तिने आवाज वाढवला, उगाचच. नऊ वेळा अंगाई वाजली आणि एकदाही तुटली नाही. मग तिने बाळाला मुद्दाम हलवून जागं केलं. ते रडलं, तेव्हा कुठे तिने अंगाई बंद केली.

खात्यात आधी वाजलेल्या गाण्यांची यादी असते. तिने ती पहिल्यांदाच उघडली. अंगाई, अंगाई, आणि मधे मधे धाकटीचं एक गाणं. रविवारी तेच गाणं एक्केचाळीस वेळा. सोमवारी सकाळपासून तेच. आजवर या गाण्यावर ती फक्त चिडली होती, ऐकलं कधीच नव्हतं. बाळाला खांद्यावर घेऊन तिने ते पूर्ण ऐकलं. कुणी अनोळखी मुलगी आपल्या खोलीत बसून गात होती, मागे पंख्याची घरघर. गाणं निरोपाचं होतं. एकेकाचं नाव घेऊन घेतलेला, सगळ्यांचाच निरोप.

तेच गाणं व्हिडिओच्या ॲपवरही होतं. खाली हजारो लोकांनी काहीबाही लिहिलेलं. ‘आज कोण कोण ऐकतंय?’ असं कुणीतरी विचारलं होतं, आणि दोनशे जणांनी हात वर केले होते. तिने त्याच्याखाली शहराचं नाव लिहिलं, धाकटीच्या खिडकीच्या फोटोत दिसणाऱ्या स्टेशनचं लिहिलं. एका हाताने बाळाला थोपटत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पुढचं लिहीत गेली :

‘जवळपास राहत असाल तर एवढं करा. स्टेशनच्या मागे टायरचं दुकान आहे, पिवळी पाटी. त्याच्या बरोबर समोरच्या इमारतीत, वरच्या एखाद्या मजल्यावर, चोवीस वर्षांची मुलगी एकटी राहते. डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे. दार वाजवा. शिव्या दिल्या तर ऐकून घ्या आणि मला कळवा. दार उघडलं नाही, तर मात्र परत फिरू नका.’