नवसाचे तीन फेरे

"टेक गुडघे," कुस्तोदिया म्हणाली. "उगाच वेळ काढू नकोस."

चॅपलच्या दारासमोर लेकानं मांडून दिलेल्या खुर्चीत ती बसली होती. लेक, व्हर्जिलियो, घाम पुसत शेजारी उभा होता. आठवडाभर बस चालवून अंग आंबलेलं. रविवारी जरा पाठ टेकावी म्हटलं, तर आईनं भर उन्हात चौकात आणून उभं केलं होतं.

"नवस तू बोललीस. गुडघे माझे का?"

"समुद्रापार गिनीच्या लढाईतून परत कोण आलं? मी?"

लेक जिवंत परतला तर चॅपलभोवती गुडघ्यांवर तीन फेरे घालीन, असा तो नवस. लेक परतून तीस वर्षं झाली. आई ऐंशीला टेकली, गुडघे वळेनासे झाले, आणि नवस न फेडता मरियामातेला तोंड दाखवायची तिची तयारी नव्हती.

"मग तेव्हाच का नाही फेडलास?"

कुस्तोदियानं चौकापलीकडच्या बंद खिडकीकडे हनुवटी उडवली. "ती होती ना तिथं."

खिडकी एतेल्विनाची. दोघींनी एकाच दिवशी, इथंच, एकच नवस बोलला होता. एतेल्विनाचा पोरगा जासिंतो त्या लढाईतून परत आला नाही. त्याचं प्रेतही आलं नाही. चॅपलचे हे चुना फासलेले अगडबंब धोंडे म्हणजे येशूच्याही आधीचं कुणाचं तरी थडगं, वेदी मागाहून मांडली, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एतेल्विनानं ते आपल्या पोराचं मानलं. दर शनिवारी झाडू घेऊन यायची. गेल्या महिन्यात तीही गेली.

"तिच्या पोराच्या थडग्याभोवती मी कुठल्या तोंडानं फेरे घालणार होते?" कुस्तोदिया म्हणाली. "त्या खिडकीकडं मान वर करून बघितलं नाही मी कधी."

व्हर्जिलियोनं निमूट गुडघे टेकले आणि धोंड्यांना हात लावत लावत मागच्या बाजूला गेला. बराच वेळ झाला तरी चाहूल लागेना.

"झोपलास की काय मेल्या?"

तो दुसऱ्या अंगानं पुढे आला आणि तिच्यासमोर तसाच गुडघ्यांवर थांबला.

"आई, मागं खडी असायची ना? लहानपणी खेळताना जासिंतोचे नि माझे गुडघे तिथंच फुटायचे."

"मग?"

"आता एक खडा नाही."

"ती झाडायची ना दर शनिवारी. पोराचं थडगं म्हणून."

"हातभर पलीकडं अजून खडीच खडी आहे, आई. धोंड्यांना लागून तेवढा पट्टा वेचलाय. सगळीकडून, गोल. माणूस गुडघ्यांवर जाईल एवढाच. तिला कुठं फेरे घालायचे होते?"

कुस्तोदियाला रडू आवरेना. व्हर्जिलियो खाली मान घालून धूळ झटकत राहिला.

"मला खाली उतरव," ती म्हणाली.

"अगं, तुझे गुडघे..."

"उतरव म्हणते ना."

त्यानं तिला काखेत हात घालून उचललं. अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या. गुडघे जमिनीला लागले तशी ती कळवळली. तो तिला वाटेकडे वळवायला लागला.

"तसं नको," ती म्हणाली. "आधी खिडकीकडं तोंड कर माझं."