दुर्वाचा बिल्ला

माझी नात दुर्वा यंदा शाळेची हेड गर्ल झाली. सोमवारी प्रार्थनेनंतर तिने माइकवर सांगितलं, की मुलींच्या बाथरूमच्या दाराला दोन महिन्यांपासून कडी नाही. "बेटा, नेतागिरी मत करो," म्हणत मुख्याध्यापिकेने तिचा बिल्ला काढून घेतला.

मी चेरीतालच्या घरून रिक्षा करून तडक शाळेत गेले. मुख्याध्यापिका नीलिमा माझीच जुनी विद्यार्थिनी.

"काहून गं, हेड गर्ल काय पाहुण्यांना गुच्छ देण्यापुरती केली का?"

नीलिमाने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाई, सातवीत मी मॉनिटर होते. वर्गातला पंखा बंद आहे हे सांगायला मी परस्पर मोठ्या बाईंकडे गेले, तर तुम्ही माझा बिल्ला काढून घेतला. म्हणालात, मॉनिटरने फळा पुसावा, तोंड चालवू नये. मी तुमचंच तर चालवून राहिले."

मला तो पंखासुद्धा आठवला.

"चुकलंच माझं. आण तो बिल्ला इकडे," मी हात पुढे केला. "तीन वर्षं तुला अपूर्णांक शिकवले, ते कधी लक्षात राहिले नाहीत. हेच बरं राहिलं."