पट्टेरी माशांची बडदास्त

"आधी मासे दाखवा, मग बसते," बाई म्हणाली आणि पुढे केलेली खुर्ची तिनं पायानं बाजूला सारली.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी राग गिळला. आठवडाभर ही बाई फाटकावर उभी राहून, आत माशांचं काय चाललंय ते मला ठाऊक आहे, हा अन्याय आहे, म्हणून ओरडत होती. कर्मचाऱ्यांनी तिचं नाव भूतदया ठेवलं होतं. उद्या प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती यायची होती. तिच्यापुढे हिनं तोंड उघडलं, की प्रयोगशाळेला टाळं. म्हणून प्रमुख आवाजात साखर घोळून तिला स्वतः आत घेऊन गेले.

टाक्यांमध्ये बोटभर पट्टेरी मासे फिरत होते. यांची पिल्लं इतकी पारदर्शक, की भिंगाखाली मेंदू घडताना दिसतो, असं त्यांनी सांगितलं. बाईला त्याचं काडीचं कौतुक वाटलं नाही.

"यांना झटके येतात ना?"

काहींना येतात, प्रमुख म्हणाले. माणसांचा फिट्सचा आजार समजावा म्हणून त्यांच्या एका जनुकात आपणच बिघाड केलेला असतो.

"आणि तुम्ही नुसते बघत बसता."

प्रमुखांची कानशिलं तापली. मग त्यांनी बडदास्तीचा पाढाच वाचला. पाणी गाळलेलं, ऊब मोजलेली, दिवे वेळेवर, पशुवैद्य एका हाकेवर. जावयाचे एवढे लाड होत नाहीत. त्यातून हे नवं औषध. पाण्यात मिसळायचा अवकाश, पिल्लू शांत पोहायला लागतं.

बाईच्या जबड्याची शीर ताठ झाली. "लगेच देता? कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही?"

"छे. एकालाही तडफडत ठेवत नाही, ताई. आम्हालाही काळीज आहे."

"उद्या समितीपुढे हेच सांगाल?"

"शपथेवर." प्रमुखांना जिंकल्यासारखं वाटलं.

बाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माझी मुलगी रोज पडते. डोकं फुटतं तिचं. हेच औषध मागितलं, तर तुमच्या ऑफिसातून फोनवर सांगितलं, अजून फक्त माशांना मिळतं. आता तिला यातल्या कुठल्या टाकीत सोडू, तेवढं सांगा."